वाचकांचे प्रश्न : आजीच्या पेटीतला फोटो

प्रश्न : सोलापुरात बाळीवेशीतले आमचे जुने घर पाडायला काढले, तेव्हा आजीच्या पत्र्याच्या पेटीत इरकली लुगड्याच्या घडीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो सापडला. पणजोबा बसलेले आहेत, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, डोळे मिटलेले आणि भोवती सगळे घर. हा फोटो ते गेल्यानंतरचा आहे, असे आत्या सांगतात. मुलाने मोबाईलवर वाचले की, व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात मृतांना लोखंडी स्टँडला उभे बांधून फोटो काढत. आपल्याकडची पद्धत तिथूनच आली, असे त्याचे म्हणणे आहे. सूनबाईंना हा फोटो घरात नको आहे. आम्ही लिंगायत आहोत. काय करावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्टँडची गोष्ट आधी निकालात काढू, कारण ती फार पसरली आहे. फोटोग्राफरकडे असे स्टँड असत हे खरे, पण ते जिवंत माणसांसाठी. १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झालेल्या डागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला सुरुवातीला काही मिनिटे लागत. पुढे हा वेळ सेकंदांवर आला, तरी मान जराशी हलली की चेहरा पुसट होई, म्हणून मागून डोक्याला टेकू देणारा चिमटा लावीत. निर्जीव देहाचे वजन पेलण्याची ताकद त्यात नव्हती. त्यामुळे एखाद्या जुन्या फोटोत बुटांमागे स्टँडचा पाया डोकावत असेल, तर तो माणूस त्या वेळी जिवंत होता असेच बहुधा समजावे.

मृतांचे खरे फोटो बहुतेक कोचावर किंवा खाटेवर झोपल्यासारखे निजवलेल्या देहाचे असत, नाही तर आईच्या मांडीवरच्या बाळाचे. यातले काही फोटो पाहताना पोटात कालवते. आई श्वास घेते, किंचित हलते, म्हणून तिचा चेहरा धूसर. मांडीवरचे मूल मात्र झालरीच्या टाक्यांसकट स्वच्छ उमटलेले. त्या काळी इंग्लंडात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १५० बाळे वर्षाच्या आत दगावत, आणि पुष्कळ घरांत मुलाचा तेवढा एकच फोटो असे.

दुखवट्याचे सगळेच तेव्हा उघडपणे चाले. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी गेले आणि राणीने १९०१ मध्ये स्वतः डोळे मिटेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत. सुस्थितीतल्या विधवेने दोनेक वर्षे काळे नेसावे, मग हळूहळू राखाडी आणि फिकट जांभळ्यावर यावे, असा दंडक होता. मृताचे केस गुंफलेली लॉकेटे गळ्यात असत, आणि लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून केवळ दुखवट्याच्या कपड्यांचे मोठे दुकान होते. हे ओसरले ते अनेक कारणांनी. १९०० मध्ये कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला आणि मुलांचे हसते-खेळते फोटो घरोघरी आले. पहिल्या महायुद्धात लाखो तरुण परदेशी मातीत पुरले गेले, तेव्हा प्रत्येक घराने रस्त्यावर काळे मिरवणे कुणालाच पेलवेना. पुढे मरण घरातून इस्पितळात गेले. तरीही मृत जन्मलेल्या बाळांचे फोटो आईवडिलांना विनामूल्य काढून देणारी एक स्वयंसेवी संस्था अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झालीच.

आपला फोटो मात्र या परंपरेतला नाही. लिंगायत समाजात देहाला बसवून, विभूती लावून, हारफुलांनी सजवलेल्या विमानातून, म्हणजे पालखीवजा मखरातून नेतात आणि बसलेल्या स्थितीतच समाधी देतात. ही रीत कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. कॅमेरा साहेबाबरोबर आला, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. पण फोटोग्राफरने तुमच्या पणजोबांना बसवले नाही, तर ते बसलेलेच होते आणि त्याला बोलावणे गेले, असे समजायला हरकत नाही.

राहिला सूनबाईंचा प्रश्न. बसवेश्वरादी शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, पंचसूतके (पाच प्रकारची सूतके) नाकारली, त्यात मरणाचे सूतकही आले. शरणांपैकीच एक असलेल्या सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात हे वेगळे सांगायला नको. तेव्हा अशुभाचा मुद्दा घरच्याच परंपरेत टिकत नाही. मात्र शुभाशुभाचा विचार बाजूला ठेवूनही एखाद्याला असा फोटो पाहवत नाही, आणि त्या भावनेशी वाद घालू नये. (माणूस गेल्याच्या तासाभरात चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लावणाऱ्या आपल्या पिढीला पेटीतल्या एका फोटोची भीती वाटावी, याची गंमत वाटते.) दर्शनी भिंतीवर लावू नका, पण टाकूही नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, ओल नसलेल्या कपाटात साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि मोबाईलवर एक प्रत काढून घ्या. आत्या आहेत तोवर भोवतीच्या माणसांची नावे त्यांना विचारून पुठ्ठ्यामागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.