नव्या ओपन सोर्स कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ८० टक्के चाचण्या पास होतात, म्हणजे तो ८० टक्के तयार झाला का?

नाही. आणि उरलेले २० टक्के त्याच वेगाने होतील असंही धरू नका.

आधी तो आकडा कशाचा आहे ते बघा. काही चाचण्यांत बरोबर प्रोग्राम चालावा लागतो, काहींत चुकीचा प्रोग्राम नाकारला जावा लागतो. दुसऱ्या प्रकारात गंमत अशी, की नेमकी कोणती एरर आली हे तपासलं नसेल तर समोर येईल ते नाकारणारा, काहीही न येणारा कंपायलरसुद्धा पैकीच्या पैकी मार्क घेतो! मी तरी 'चालला आणि योग्य उत्तर दिलं' एवढ्याच चाचण्या मोजतो.

खरा घाम निघतो तो भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीपाशी, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडपाशी. जीसीसी या ओपन सोर्स कंपायलर-संचात रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा आणण्याचं काम, म्हणजे जीसीसीआरएस, घ्या. रस्टमध्ये एक ओळ छापायची तर प्रिंटएलएन हा मॅक्रो (कंपाइल होताना ज्याचा पूर्ण कोड तयार होतो असा शॉर्टकट) लागतो. त्यातल्या मजकुराची मांडणी खुद्द कंपायलरला कळावी लागते, आणि मागे ट्रेट-जेनेरिक्सनी (एकच कोड अनेक प्रकारच्या डेटावर चालवण्याच्या रस्टच्या सोयींनी) भरलेली कोअर लायब्ररी, म्हणजे भाषेची पायाभूत लायब्ररी, असतेच. म्हणून तिथल्या सुरुवातीच्या उदाहरणांत सी भाषेचं छापायचं फंक्शन, प्रिंटएफ, उसनं आणलेलं दिसतं. त्यात कोअर लायब्ररी मूळ कंपायलरच्या, म्हणजे रस्टसीच्या, आतल्या अस्थिर, म्हणजे कधीही बदलू शकणाऱ्या, सोयींवर उभी. त्या नेमक्या कशा वागतात हे बऱ्याचदा रस्टसीचा कोड वाचूनच कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये हे काम जीसीसीच्या मुख्य कोडमध्ये दाखल झालं, तेव्हाही ते रोजच्या वापरासाठी नव्हतंच.

भाषा पूर्ण झाली तरी सुटका नाही. पायथन भाषेचंच बघा: पायपाय हे ती चालवणारं पर्यायी सॉफ्टवेअर, निव्वळ पायथनमध्ये लिहिलेला कोड बऱ्याचदा सीपायथनपेक्षा, म्हणजे नेहमीच्या मूळ सॉफ्टवेअरपेक्षा, कितीतरी जलद चालवतं. पण सीमध्ये लिहिलेली पॅकेजेस (इतरांनी बनवलेले तयार कोडचे संच) सीपायथनच्या आतल्या रचनेला धरून बांधलेली असतात. त्यांच्यासाठी पायपायला तशीच रचना वरवर उभी करावी लागते, आणि तिथे कमावलेला वेग बराचसा जातो. यात भाषेच्या चाचण्या नापास होण्यासारखं काहीच नाही.

तेव्हा टक्केवारीऐवजी मी एकच विचारतो: दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं, बऱ्यापैकी मोठं पॅकेज एकही ओळ न बदलता या नव्या कंपायलरवर बिल्ड होतं, म्हणजे चालण्याजोगं तयार होतं का? तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट असेल तर त्याच्याच चाचण्या जुन्या आणि नव्या दोन्ही कंपायलरवर चालवा. जिथे फरक पडेल तो भाग दहा-वीस ओळींपर्यंत छाटा आणि त्या नव्या कंपायलरच्या प्रोजेक्टवर इश्यू (नोंदवलेली तक्रार) म्हणून टाका. नुसत्या 'चालत नाही' या तक्रारीचं कंपायलर बनवणाऱ्या मंडळींना काही करता येत नाही, दहा ओळींच्या प्रोग्रामचं येतं.