‘ठोके बिघडतात ना, मग पूर्णच भूल द्या!’

हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्या बाईचं सिझेरियन ठरलं की घरचे हमखास एकच हट्ट धरतात: “कमरेत सुई नको, पूर्ण झोपवा. घाबरली तर ठोके वाढतील.” भीती खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय उलटा आहे.

अशीच एक नववा महिना लागलेली सून सासूबाईंबरोबर आली होती. अधूनमधून नाडी एकदम 180 च्या घरात जायची, थोड्या वेळाने आपोआप उतरायची. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉलची गोळी चालू होती. सासूबाईंनी पिशवीतून ईसीजीच्या पट्ट्या काढून टेबलावर पसरल्या. जुन्या पट्ट्यांवरची शाई उडालेली.

“काकू,” मी म्हटलं, “पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात. नेमकी तेव्हाच नाडी आणि बीपी उसळी मारतात. कमरेच्या भुलीत ते टळतं.”

“मग तिला काहीच धोका नाही?”

आहे, आणि तो लपवू नये. सिझेरियनसाठी बधिरपणा छातीच्या मध्यापर्यंत चढवावा लागतो. हृदयाला वेग देणाऱ्या नसा त्याच पट्ट्यातून निघतात. त्यामुळे बीपी घसरतं, ठोके मंदावतात किंवा धावतात. म्हणून भूलतज्ज्ञांनी तिच्यासाठी एकाच दमात पूर्ण डोस न देता मणक्यात कमी डोस आणि सोबत एपिड्यूरलची, म्हणजे पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवायची, बारीक नळी ठेवायचं ठरवलं. लागेल तसं औषध थोडंथोडं वाढवता येतं. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. गर्भाशय आवळायचं ऑक्सिटोसिनही झटकन टोचायचं नाही, हळूहळू सोडायचं, कारण झटक्यात दिल्यास तेही बीपी पाडतं आणि नाडी पळवतं.

रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर मात्र गणित बदलतं. हेपरिनच्या काही प्रकारांत शेवटच्या डोसानंतर 12 किंवा 24 तास थांबल्याशिवाय मणक्यात सुई घालत नाहीत. तेवढा वेळ नसेल तर पूर्ण भूलच बरी. ‘लाँग क्यूटी’ हा ईसीजीवर दिसणारा ठोक्यांचा दोष असेल तर उलटीसाठी सर्रास देतात ते ओंडान्सेट्रॉन टाळतात, म्हणून जुनी फाइल न्यावीच.

सासूबाई बाहेर गेल्यावर सून हळूच म्हणाली, “ताई, टाके दुखले तरी मी सोसेन. गोळ्यांनी दूध बिघडतं म्हणतात.”

मला खरी काळजी या वाक्याची वाटते. वेदना सोसली की शरीरात अॅड्रेनालिन वाढतं, आणि ठोक्यांच्या आजारात तेच नको असतं. पॅरासिटामॉल अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. दुखायची वाट न बघता ते घड्याळ लावून घ्यायचं. एपिड्यूरलच्या नळीतून औषध देता येतं किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणारं ‘टॅप ब्लॉक’ हे इंजेक्शन.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती आधार घेऊन वॉर्डात चालत होती, नाडी ठीक होती. सासूबाईंनी मला गाठून विचारलं, “ती ठोक्यांची गोळी आता बंद करायची ना?” म्हटलं, “मुळीच नाही. अंगावर पाजतानाही ती चालते, आणि बंद करायचं ते हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगितल्यावर.”