रोबोट व्हॅक्यूम क्लीनर लेझरवाला घ्यावा की कॅमेऱ्याचा? जुन्या घरात नीट फिरेल का?

लेझरवालाच घ्या. घराचा नकाशा काढून वाट शोधायला यंत्र लेझर तरी वापरतं, नाहीतर कॅमेरा. संध्याकाळी लाइट गेली की कॅमेऱ्याला दिसत नाही. लेझरला अंधाराचं काही वाटत नाही. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या 'जुन्या घरात' या शब्दांमुळं.

आमचं घर लातूरचं, वडिलांनी १९८६ साली बांधलेलं. शहाबादी फरशी, अन् बैठकीच्या मधोमध काळ्या कडप्प्याचा वीतभर पट्टा. दादानं पुण्याहून लेझरवालं यंत्र पाठवलं. पहिल्याच दिवशी त्यानं घराचा नकाशा बरोब्बर काढला, पण कडप्प्यापाशी आलं की थबकायचं, मागं सरायचं. दादा फोनवर म्हणाला, "आईनंच काहीतरी दाबलं असंल." दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड बदला. आई म्हणाली, "म्या हात बी लावला नाही रे." त्यानंतर ते चालू असलं की ती स्वयंपाकघरातून बाहेरच येईना.

मी यंत्र उलटं केलं. पोटाला कडेनं छोट्या काळसर काचा असतात. त्यांतून इन्फ्रारेड किरण फरशीवर पडतो आणि परत येतो. परत आला नाही की यंत्र समजतं, पुढं पायरी आहे. काळा कडप्पा तो किरण गिळतो. पट्ट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, कडा चिकटपट्टीनं दाबल्या, आणि यंत्र सरळ पलीकडं गेलं! नुसतं आपटत फिरणारा रूम्बा नावाचा पहिला रोबोट व्हॅक्यूम २००२ साली आला, त्यातही पोटाचे हे सेन्सर होते. नकाशे फार नंतर आले. म्हणजे हे सेन्सर नकाशाच्या लेझरपासून वेगळेच, म्हणून लेझर कितीही भारीतला घ्या, काळ्या फरशीचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आता दादा म्हणतो, काचांवरच पांढरी पट्टी चिकटव. आमच्या बैठकीतून अंगणात तीन पायऱ्या उतरतात. काचा झाकल्या की यंत्र थेट खाली. असलं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हां, प्रत्येक यंत्र काळ्यावर अडतंच असं नाही, तेव्हा दुकानात काळ्या फरशीवर चालवून बघा. उंबरा दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर बहुतेक यंत्रं चढत नाहीत. कपाटाला जमिनीपर्यंत आरसा असेल तर लेझर आरशातली खोलीही नकाशात धरतो.

वर्तमानपत्राचा व्हिडिओ दादाला पाठवून दोन महिने झाले. दादा, हे वाचलंस तर मला नको, आईला फोन कर.