कोळीगीतात 'दर्या' आणि स्तोत्रात 'सागर' असं का?

प्रश्न असा आहे की कोळीगीतांत कायम दर्याच का येतो, स्तोत्रांत आणि 'सागरा प्राण तळमळला'सारख्या कवितेत मात्र सागर का, आणि समुद्रावरची गाणी मुळात सुरू कुठून झाली.

दर्या फारसी शब्द आहे. हिंदी-उर्दूत दरिया म्हटलं की नदी, तिकडे मध्य आशियातल्या आमू दर्या, सिर दर्या याही नद्याच, आपल्या किनाऱ्यावर मात्र समुद्र हाच अर्थ पक्का झाला, गुजरातीत दरियो पण तसाच. आणि तो एकटा आला नाही, बोटीवरचे कितीतरी शब्द त्याच्यासोबत आले. बंदर फारसी, खलाशी अरबी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, त्यात नाव म्हणजे आपलीच नाव, होडी, आणि खुदा म्हणजे मालक, बोलता बोलता झिजून नाखवा झाला. मला सगळ्यात आवडतो तो सारंग. 'राजा सारंगा' ऐकताना बरेच जण हरीण नाहीतर राग धरून बसतात, पण हा सारंग म्हणजे बोटीवरचा प्रमुख, फारसी सरहंग, त्यावरूनच इंग्रजीत सेरंग गेला. आणि ते गाणं लिहिणाऱ्या शांताबाई शेळके शिकल्या आपल्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आणि एसपी कॉलेजात! पुण्यात वाढलेल्या बाईंनी डोलकर, नाखवा, सारंग हे शब्द इतके नेमके वापरलेत की बोटीवरच्या माणसालाही खटकू नयेत, हे मला फार मोठं वाटतं. (डोल म्हणजे बोंबील वगैरे धरायचं पिशवीसारखं जाळं, डोलकर तो लावणारा. नुसता डोलणारा नव्हे.)

सागर मात्र पोथीतला. सगर राजाच्या साठ हजार मुलांनी पृथ्वी खणली म्हणून सागर, अशी रामायण-महाभारतातली कथा आहे. सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर हाक मारली ती त्याच पुराणातल्या सागराला, म्हणून तर शेवटी समुद्र पिऊन टाकणाऱ्या अगस्तीचा धाक घातलाय. तिथे दर्या चाललाच नसता. थोडक्यात वल्हं ज्याच्या हातात त्याचा दर्या, काठावर उभं राहून हात जोडणाऱ्याचा सागर, असं मी म्हणेन.

पण हे सगळीकडे लागू करू नका, कारण सगळ्यात जुनी सूक्तं काठावरची नाहीतच. ऋग्वेदातला शब्द समुद्र, आणि तो कधी आकाशातलं पाणी, कधी नद्यांचा संगम यावर अभ्यासक भांडतात ते सोडा, पण त्यातली होडी तर सरळ होडीच आहे. पहिल्या मंडलाच्या ११६व्या सूक्तात तुग्राचा मुलगा भुज्यू समुद्रात सापडतो, जिथे धरायला आधार नाही, पाय टेकायला जागा नाही, आणि अश्विनीकुमार त्याला शंभर वल्ह्यांच्या नावेतून घरी आणतात. सातव्या मंडलात ८८व्या सूक्तात वसिष्ठ म्हणतो की मी आणि वरुण नावेत चढलो, समुद्राच्या मध्यावर गेलो आणि झोपाळ्यावर बसल्यासारखे झुललो. हे वाचलं की मला वसिष्ठ सावरकरांपेक्षा कोळीगीताच्या जास्त जवळचा वाटतो, खरंच. म्हणजे सूक्त आणि कोळीगीत यांची मुळं एकाच जागी आहेत, पायाखाली लाकडाची फळी आणि तिच्याखाली पाणी. एकाने भीतीपोटी देवाला हाक मारली, दुसऱ्याने सगळ्यांची वल्ही एका तालात पडावीत म्हणून हैसा हैसा केलं, नारळी पुनवेला दर्याला नारळ देताना तर गाणं आणि प्रार्थना वेगळी करताच येत नाही.

बाहेरही तेच दिसतं. इंग्रजांचं खलाशांसाठीचं प्रसिद्ध प्रार्थनागीत विल्यम व्हाइटिंगने १८६० मध्ये लिहिलं, समुद्रात संकटात सापडलेल्यांसाठी आमची हाक ऐक, एवढंच त्याचं मागणं, म्हणजे भुज्यूचीच गोष्ट. त्याच्या चालीचं नाव मेलिटा, म्हणजे माल्टा, संत पौलाचं जहाज फुटलं ते बेट. आपल्या नौदलाचं ब्रीद 'शं नो वरुणः' तैत्तिरीय उपनिषदातलं आहे, वरुण आमचं भलं करो.

मूळ सूक्तं बघायची असतील तर पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासकट ऋग्वेद छापलाय, आणि नुसतं मराठीतून वाचायचं तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचं भाषांतर घ्या. आधी ७.८८ वाचा, मग १.११६.