मारिओ इतका घाईत का?

या महिन्यात जुन्या व्हिडिओ गेमवर इतकी पत्रं आली की इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीनवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. मी सांगलीत वडिलांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात वाढले. तिथे गल्ल्याशेजारी हे खेळ नेहमी उघडून पडलेले असायचे, त्यामुळे या विषयावर माझं बोलणं जरा लांबतं.

ताई, लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. परवा मुलाने लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून तोच मारिओ लावून दिला. चित्रं तीच, पण मारिओ अंगात आल्यासारखा पळतो, गाणंही घाईघाईत वाजतं. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचं वय झालं. खरंच तसं आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

मुलाला सांगा, बाबांची आठवण चोख आहे. तुमच्या घरी मारिओ खरोखरच हळू पळायचा. लॅपटॉपवरचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, त्याला मूळ जपानी वेगाने पळवतो.

निन्टेंडोने फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आणलं. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटायचं, आणि गेम लिहिणाऱ्यांनी सगळा हिशोब त्यावरच बांधला. एका चित्राला मारिओ किती सरकणार, सूर किती चित्रं टिकणार, सगळं चित्रांच्या मोजणीत. आपला टीव्ही मात्र पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्याकडे जे डबे विकले गेले ते फॅमिकॉमचे क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला होत्या, आणि पाल टीव्हीवर चालायचे म्हणजे ५० वरच चालणार. गेम तोच राहिला, चित्रं सेकंदाला दहा कमी झाली. म्हणजे वेग एक षष्ठांशाने उतरला. पहिल्या मारिओत कोपऱ्यातल्या घड्याळाचा एक आकडा २४ चित्रांनी कमी होतो. ४०० चा वेळ जपानी पोराला १६० सेकंद मिळायचा आणि तुम्हाला १९२. अर्थात तुमचा मारिओही तितकाच रेंगाळत असल्याने फायदा फक्त बोटांना व्हायचा.

गाण्याची गंमत अजून बारीक आहे. तुम्ही लिहिलंय की गाणं घाईघाईत वाजतं, पण सूर चढा लागतो असं काही लिहिलं नाहीत. कान चांगला आहे तुमचा. पाल देशांसाठीच्या क्लोनमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या दोन चिप सर्रास असायच्या, यूए६५२७पी आणि यूए६५३८. त्यातल्या प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ आणि जपानी प्रोसेसरचा १.७९. सुराची उंची या वेगावर ठरते आणि फरक जेमतेम एक टक्क्याचा, म्हणून सूर जवळपास तोच. लय मात्र चित्रांवर चालते, ती १७ टक्के संथ. निन्टेंडोने युरोपसाठी स्वतः केलेल्या यंत्रात प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर आणला होता, त्यामुळे तिथे जपानी गेम तसाच लावला तर सूरही खाली यायचा.

या बाबतीत नकलेने अस्सलाला मागे टाकलं असं मला वाटतं. टीव्ही चित्र आडव्या रेघांनी काढतो. जपानी टीव्हीच्या एका चित्रात २६२ रेघा, आपल्या टीव्हीच्या तशा चित्रात ३१२. या जादा ५० रेघांचं करायचं काय? यूएमसीवाल्यांनी चित्र काढून संपल्यावर त्या नुसत्या घालवल्या आणि मग प्रोसेसरला ‘आता तुझं काम कर’ असा इशारा दिला. गेमला पत्ताच लागत नाही की मध्ये कोणी वेळ काढला. रेघा मोजून पडदा दुभागणारे गेमही त्यामुळे नीट चालतात.

आता लॅपटॉपवर काय करायचं ते. मेसेन हा एम्युलेटर घ्या, फुकट आहे. त्याच्या सेटिंगमध्ये रीजन ‘ऑटो’ असेल, ते ‘डेंडी’ करा. डेंडी हा १९९२ पासून रशियात विकला गेलेला क्लोन. तिथलाही टीव्ही ५० चाच, म्हणून एम्युलेटरवाल्यांनी या सगळ्या कुळाला त्याचं नाव दिलं. आवाजाच्या सेटिंगमध्ये स्क्वेअर चॅनलच्या ड्यूटी सायकलची, म्हणजे सुराचा पोत ठरवणाऱ्या मापाची, अदलाबदल करणारी एक खूण आहे, तीही करून बघा. बऱ्याच क्लोनमध्ये हे जोड उलटे झालेले असत, त्यामुळे काही गाण्यांचा आवाज जरा चिरका किंवा पोकळ लागायचा. तुमच्या डब्यात तसं होतं का हे तुमचा कानच सांगेल.

एक अडचण येईल. लॅपटॉपचा पडदा बहुधा ६० हर्ट्झचा असतो. त्यावर ५० चित्रं दाखवायची तर दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं आणि मारिओ पळताना अडखळल्यासारखा दिसतो. एम्युलेटरचा यात दोष नाही. एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ मिळतंय का पाहा. आपल्याकडे विकले जाणारे टीव्ही सहसा ते घेतात. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावायला विसरू नका, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ विचार करून उडी मारेल.

माळ्यावर जुन्या व्हिडिओ गेमचा सेट सापडला, बंदुकीसकट. सेट चालतो, पण नव्या एलईडी टीव्हीवर एकही बदक मरत नाही. बंदूक बिघडली असेल का? उघडून बघू का?
– एक आजी, नाशिक

आजी, बंदूक बहुतेक ठणठणीत आहे. या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, तिच्या नळीत उजेड बघणारा डोळा असतो. तुम्ही चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं तर नेम लागला. काळा पडदा आधी का, तर बल्बकडे बंदूक रोखून बदकं मारणाऱ्या नातवंडांसाठी! काळ्या पडद्याच्या वेळीच उजेड दिसला तर गेम ते धरत नाही.

जुन्या काचेच्या टीव्हीवर चौकोन त्याच क्षणी उजळायचा. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, सावरतो आणि मग दाखवतो. तो चौकोन दाखवेपर्यंत गेमने ‘नेम चुकला’ असं ठरवून टाकलेलं असतं. शिवाय निन्टेंडोच्या मूळ बंदुकीतलं सर्किट जुन्या टीव्हीच्या रेघांची लुकलुक ओळखायचं, म्हणजे सेकंदाला पंधरा हजारांवर लुकलुक. एलईडीत ती नाहीच.

कोणाकडे जुना टीव्ही शिल्लक असेल तर त्यावर लावा. तो चालत नसेल तर कृपा करून घरी उघडू नका, बंद टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्येही वीज साठून राहते. सेटचा अडॅप्टर बदलला असेल तर पिनच्या आत प्लस की मायनस हे सेटच्या मागे लिहिलेलं बघून घ्या, या डब्यांचा त्यात काही नेम नसतो. एवढी यातायात नको असेल तर एम्युलेटरवर माउसने बदकं मारता येतात. मजा अर्धीच येते.

एम्युलेटरमध्ये चित्रांचं लुकलुकणं बंद करायची सोय दिसली. करावी का?
– एक वाचक, वर्धा

मी करत नाही. मूळ यंत्र पडद्यावर ६४ हलती चित्रं ठेवू शकतं, पण एका रेघेवर आठच. नववं आलं की ते गायब. म्हणून गेम लिहिणारे आळीपाळीने एकेकाला लपवायचे, तेच ते लुकलुकणं. काही गेम तर या मर्यादेचा मुद्दाम उपयोग करून चित्राचा भाग झाकतात. सोय चालू केलीत की झाकलेलं उघडं पडतं. लुकलुक अगदीच डोळ्यांवर येत असेल तर करा बापडे.

आमच्या कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले. तेवढे खरंच होते का?
– एक वाचक, बार्शी

नाही. गेम मोजकेच, बाकी त्याच गेमच्या वेगवेगळ्या लेव्हलची वेगवेगळी नावं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांसाठी मारिओची स्पर्धा ठेवायची आहे. गेम कुठून डाउनलोड करावा? कायद्याने चालतं ना?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

एम्युलेटर वापरायला हरकत नाही. तो कोणीतरी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असतो. दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती काढण्याला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही जागा आहे. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूने निकाल लागला होता.

गेमची फाइल ही वेगळी गोष्ट. मारिओ १९८५ चा आहे, आणि कॉपीराइटचं संरक्षण आपल्याकडे कित्येक दशकं टिकतं, ते अजून संपलेलं नाही. ‘जुना झाला, आता कोण विचारतंय’ हे कलम कायद्यात नाही. जवळच्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढायला तेच ५२ वं कलम परवानगी देतं, पण ती ज्याच्याकडे मूळ प्रत रीतसर आली आहे त्यालाच. नव्वदच्या दशकात आपण घेतलेल्या कॅसेटी स्वतःच चोरीच्या प्रती होत्या, त्यामुळे ‘माझ्याकडे कॅसेट आहे’ हे सांगून सुटका नाही. आणि शाळेच्या स्टेजवर तर नकोच.

माझं ऐकाल तर मायक्रो मेजेस घ्या. जुन्या यंत्रासाठी नव्याने लिहिलेला, २०१९ चा गेम आहे, सगळा मिळून ४० किलोबाइटचा. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही याहून मोठा असतो. विकत मिळतो, आणि एका वेळी चौघं खेळू शकतात, म्हणजे पालकांसाठी फारच उत्तम. जाहीर स्पर्धेसाठी बनवणाऱ्यांना आधी एक ईमेल टाका.

मी नववीत आहे. मला स्वतः एम्युलेटर लिहायचा आहे. पायथन येतं. कुठून सुरू करू?
– एक विद्यार्थी, बेळगाव

फॅमिकॉमपासून सुरू करू नकोस. आधी चिप-८ लिही. ती खरी चिप नाहीच, १९७० च्या दशकात गेम लिहिणं सोपं व्हावं म्हणून केलेली छोटी भाषा आहे. सूचना ३५ च्या आसपास, पडदा ६४ गुणिले ३२ ठिपक्यांचा. त्यात तुला सूचना वाचणं, ओळखणं, पार पाडणं हे चक्र हातात बसेल. पायथन तिथे सहज पुरतं.

मग ६५०२ प्रोसेसर. फॅमिकॉममध्ये त्याचाच भाऊ आहे, फक्त दशमान पद्धतीची बेरीज-वजाबाकी काढून टाकलेला. ५६ सूचना, पण पत्ते शोधायच्या पद्धती धरून १५१ कोड. इथून पुढे पायथन धापा टाकेल, कारण प्रोसेसरच्या एका ठोक्याला चित्राची चिप तीन ठिपके पुढे जाते. एका चित्रात ३४१ गुणिले २६२, म्हणजे ८९,३४२ ठिपके, आणि सेकंदाला अशी ६० चित्रं. सी, सी प्लस प्लस किंवा रस्ट यातलं एक शिकून घे. सगळ्या चिपची माहिती नेसडेव्ह विकीवर आहे, इंग्रजी कोरडं आहे पण बरोबर आहे.

पडद्यावर काही दिसायच्या आधी नेसटेस्ट ही चाचणीची फाइल चालव. हेक्समधल्या सी००० या पत्त्यापासून सुरुवात केलीस तर तिला चित्राची चिप लागत नाही. तिच्यासोबत लॉग मिळतो, साधारण नऊ हजार ओळींचा: प्रत्येक सूचनेआधी कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, काय असायला हवं ते. तुझ्या प्रोग्रॅमकडून तसाच लॉग लिहून घे आणि ओळीला ओळ ताडून बघ. जिथे पहिली ओळ चुकते तिथेच थांब, पुढच्या चुका बहुतेक तिच्याच असतात. सगळा लॉग जुळला की परत लिही, मग चित्राच्या चिपबद्दल बोलू. त्याला मात्र अख्खं पान लागेल, संपादकांना मी आधीच सांगून ठेवते.