किल्ल्यात मुक्काम करायचाय? आधी हे विचार

किल्ल्यातल्या हॉटेलात पहिल्यांदाच चालला ना, मग फोटोवर भाळू नको बाप्पा. फोटो दरबार हॉलचा असतो, झोपायला मिळते मागची नवी इमारत. फोन करून थेट विचार, खोली मूळ वास्तूतली की नंतर बांधलेली? सरकारी ‘हेरिटेज हॉटेल’ दर्जाला वास्तू १९५० पूर्वीची लागते. पाटीवर ‘पॅलेस’ काय, कोणीही लिहितं.

मी एकदा मे महिन्यात नागपूरचं ऊन सोडून राजस्थानात गेलो (शहाणपणच म्हणायचं!). भिंती हातभर जाड, पण खोलीला धड खिडकी नाही, ओलीचा वास, नळाला पाणी येता येत नाही. एवढं तर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात फुकट मिळालं असतं.

राजस्थानातला नीमराणा किल्ला, आता हॉटेल, १४६४ चा, डोंगरउतारावर बांधलेला. बघायला झकास, पण पायऱ्याच पायऱ्या. आईबाबा सोबत असतील तर कमी चढायची खोली आधीच माग. जोधपूरचं उमेद भवन मात्र १९४३ चं, राजवाडा आहे, किल्ला नव्हेच. तिथं आराम पक्का, खिसाही पक्का रिकामा. मी तर तिथलं संग्रहालय तिकीट काढून पाहिलं अन् बाहेर येऊन कचोरी खाल्ली.