वाचक विचारतात : एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय, पण कोणासोबत?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मानेवाड्याला राहतो. मी ५७ वर्षांचा, बँकेतून नुकताच निवृत्त झालो, सौ. ५३ वर्षांची. मला काही वर्षांपासून बीपीची गोळी आहे. ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करायचा बेत आहे, गाइडसोबत आणि लॉजमध्ये मुक्काम करत. दोन कंपन्यांनी कार्यक्रम पाठवलेत. एक काठमांडू ते काठमांडू ११ दिवसांचा. दुसरा १५ दिवसांचा आणि चांगलाच महाग. पहिलीवाले म्हणतात, ‘बाकीचे लोक उगाच दिवस वाढवतात.’ आम्ही शाकाहारी आहोत. नागपुरात राहून तयारी कशी करायची? आणि या वयात जमेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जमेल. पण ११ दिवसांच्या कार्यक्रमाला आगाऊ रक्कम देऊ नका.

दोन्ही कागद समोर घ्या आणि पेनने एकच गोष्ट लिहा : कुठल्या रात्री कुठे झोपायचं, आणि त्या जागेची उंची किती. या ट्रेकमध्ये दिवसा किती चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो हे महत्त्वाचं असतं. काठमांडूकडून विमानाने जिथे उतरून चालायला सुरुवात होते, तो लुक्ला विमानतळ साधारण २८६० मीटरवर आहे. पहिला मुक्काम थोडं खाली, फाकडिंगला, २६१० मीटरवर. मग नामचे बाजार ३४४०, तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरकशेप ५१६४. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे. तिथे जाऊन मुक्कामाला परत गोरकशेपला यायचं. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर.

जाणकार डॉक्टर सांगतात की ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. आता तुमचा ११ दिवसांचा कागद बघा. नामचेला एक रात्र, दिंगबोचेला एक रात्र, थांबायचा दिवस एकही नाही. नामचेनंतर चौथ्या रात्री तुम्ही १७२४ मीटर वर जाऊन झोपलेले असाल. १५ दिवसांच्या कार्यक्रमात नामचे आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत, म्हणजे तीच चढण सहा दिवसांत होते. ते ‘उगाच वाढवलेले’ दिवस हेच. त्या दिवशी कोणी खोलीत लोळत नाही. नामचेहून ३८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढायचं, हवा चांगली असेल तर तिथून एव्हरेस्ट आणि अमा दबलम बघायचं आणि झोपायला खाली नामचेला यायचं. दिंगबोचेला मागच्या नागार्जुन टेकडीवर चढून परत. वर जाऊन यायचं आणि खाली झोपायचं, यातच शरीराला नवी उंची सोसायला वेळ मिळतो.

हवेत ऑक्सिजनचा वाटा वरही २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब कमी होतो, आणि बेस कॅम्पला एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जवळजवळ निम्माच ऑक्सिजन मिळतो. शरीर यावर उपाय काढतं : श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला समतोल सावरतात. पण या गोष्टींना दिवस लागतात आणि पैसे देऊन ते दिवस कमी करता येत नाहीत. तुमची तब्येत कितीही ठणठणीत असो, रोज दहा किलोमीटर चालत असा, याला सूट नाही. उलट तब्येतीच्या भरवशावर भराभर पुढे निघालेल्या तरुणांचंच डोकं आधी धरलेलं मी पाहिलंय.

१५ दिवसांच्या कागदातही एक बघा : लुक्लाच्या विमानासाठी राखीव दिवस आहे का? लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि उताराची आहे. धुकं किंवा वारा असला की विमानं उडत नाहीत. गर्दीच्या हंगामात बरीच विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीने जायचं. हे कंपनीने आधी सांगायला हवं. आणि परतीचं काठमांडू-दिल्ली-नागपूर तिकीट लुक्लाहून यायच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका, मध्ये निदान एक-दोन दिवस मोकळे ठेवा. ज्यांना घाई असते तेच लोक अंगात ताप असताना चालत सुटतात.

आता कंपनीला फोन करा आणि एक प्रश्न नक्की विचारा : ‘लोबुचेला रात्री आमच्यापैकी एकाची तब्येत बिघडली, तर त्याच्यासोबत खाली कोण उतरेल आणि बाकीच्यांसोबत कोण थांबेल?’ उत्तर सरळ आलं, ‘असिस्टंट गाइड उतरेल,’ तर पुढे बोला. ‘असं काही होत नाही, काळजी करू नका’ म्हणाले, तर फोन ठेवा. गाइडकडे नेपाळ सरकारचा परवाना आहे का, ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजनचं सिलिंडर सोबत असतं का, हेही विचारा. एक जपून : ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आला म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करायचं नाही.

नियम तीनच आहेत, दोघांनीही पाठ करा. वर बरं वाटेनासं झालं, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं समजायचं. त्रास असताना आणखी वर जायचं नाही. त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप नीट न लागणं ही सुरुवात. चालताना तोल जायला लागला, बोलणं गोंधळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. एक सोपी परीक्षा आहे : जमिनीवर सरळ रेष धरायची आणि पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत चालायचं. ज्याला नीट जमत नाही त्याला खाली न्यायचं. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे. वसंतात आणि शरदात तिथे डॉक्टर असतात, आणि दुपारी उंचीच्या आजारावर मोफत माहिती देतात. दिंगबोचेहून फेरिचे जवळच आहे. थांबायच्या दिवशी वेळ काढून तिथे जाच.

बीपीचं म्हणाल तर आटोक्यात असलेलं बीपी असूनही लोक हा ट्रेक करतात. मात्र वर गेल्यावर बीपी थोडं वाढू शकतं, म्हणून जायच्या महिना-दोन महिने आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. ईसीजी आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्या. गोळी मनाने बंद करायची नाही. डायमॉक्स म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, तिच्याविषयी त्यांनाच विचारा, मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असेल किंवा तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर डॉक्टरांना ते माहीत असणं गरजेचं आहे. डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. त्याने घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू वर पूर्ण बंद.

विम्याचा कागद बारीक अक्षरांसकट वाचा. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा ट्रेकच्या उंचीची मर्यादा असते. तुम्हाला ५५०० मीटरपर्यंतचं आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचं संरक्षण लागेल. गरज नसताना रुग्णांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार झालेत, २०१८ मध्ये नेपाळ सरकारने त्याची चौकशीही केली होती. म्हणून विमा कंपनीचा आणीबाणीचा नंबर दोघांच्याही खिशात कागदावर लिहिलेला असू द्या.

जेवणाची काळजी सोडा. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत प्राणी मारायला मनाई आहे. मांस खालून पाठीवर वाहून येतं आणि वर पोहोचेपर्यंत शिळं झालेलं असतं, त्यामुळे मांसाहारी लोकही वर शाकाहारीच होतात. डाळ-भात दोन वेळा पोटभर वाढतात. लसणाचं सूप, उकडलेले बटाटे, तिबेटी रोटी मिळते. चव लवकर आळणी वाटायला लागते, म्हणून जवसाची चटणी आणि लिंबाचं लोणचं डब्यात घ्या. वर भूक मरते आणि त्या दोन चमच्यांवर अर्धं ताट संपतं.

आता तयारी, माझा रोजचा विषय. फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, आपण सपाटीवरचे लोक चढताना दमतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असताना जोर लावतो, आणि नागपूरच्या रस्त्यांवर त्याला ही सवयच लागत नाही. नुसतं फुटाळ्याला चक्कर मारून भागणार नाही. आठवड्यातून दोन दिवस पायऱ्या, आणि चढताना जितका वेळ तितकाच उतरताना, हळूहळू, पाऊल आपटू न देता. सेमिनरी हिल्सचा चढ-उतार रोजचा ठेवा. रविवारी रामटेक : पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन गडमंदिराच्या पायऱ्या दोन-तीनदा. सप्टेंबरमध्ये एकदा पचमढीला जाऊन चौरागडच्या हजारावर पायऱ्या उतरून बघा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडल्या नाहीत, तर तुमची तयारी झाली. आत्ताच्या उन्हात मात्र सहाच्या आत घराबाहेर पडा. दोन काठ्या घ्या आणि त्या वापरायची सवय इथेच करा. बूट आधीच निदान महिनाभर घाला.

एक कागदाची गोष्ट : विमानाने नेपाळला जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. आणि नवरात्रात नेपाळमध्ये दशैं असतो, गाइड-पोर्टर घरी जातात. दसरा झाल्यावर निघा.

१५ दिवस निघतच नसतील, तर हा ट्रेक कापून लहान करू नका. दार्जिलिंगकडच्या सांदकफूला जा, ३६३६ मीटर. लॉजचे मुक्काम आहेत, आणि हवा स्वच्छ असली तर कांचनजंगा, एव्हरेस्ट दोन्ही दिसतात. किंवा पोखऱ्याहून अन्नपूर्णा बेस कॅम्प, ४१३० मीटर. मात्र तिथेही आधी कुठे-कुठे झोपणार ते लिहा.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी जातोय. लॉजमध्ये बाथरूम-संडासची सोय कशी असते? कोणी मोकळेपणी सांगत नाही.
— एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : नामचेपर्यंत खोलीला लागून बाथरूम मिळू शकतं. त्याच्या वर बहुतेक ठिकाणी मजल्याला एक-दोन संडास, सगळ्यांना मिळून. शेजारी पाण्याचा ड्रम आणि मग असतो, पहाटे त्यावर बर्फाचा पापुद्रा येतो. तो मगनेच फोडायचा. नळ गोठलेले असतात. टॉर्च डोक्याला लावूनच जायचं, फरशीवर सांडलेलं पाणी गोठून घसरडं होतं.

खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन खाटा, पलीकडच्याचा खोकला ऐकू येणार. शेकोटी फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, तीही संध्याकाळी. मधोमध लोखंडी चूल, त्यात याकचं वाळलेलं शेण, वर तारेवर सगळ्यांचे ओले मोजे. नऊच्या सुमारास ती विझते. अंघोळीचं गरम पाणी, मोबाइल चार्जिंग, वाय-फाय, सगळ्याचे वेगळे पैसे, आणि जितकं वर जाल तितके जास्त. दिंगबोचेच्या वर अंघोळ करूच नका. केस ओले राहिले की थंडी भरते, ओल्या कापडाने अंग पुसलेलं पुरतं.

पाळीची तारीख थंडी, दगदग आणि उंचीने पुढे-मागे होते, म्हणून तारीख नसली तरी पॅड घ्या. वापरलेले पॅड संडासात टाकू नका. झिपच्या पिशव्या घ्या आणि नामचेला आल्यावर टाका. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा आणि उंचीवर जाणार हे स्पष्ट सांगा, कारण काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. आणि रात्री उठावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं, हे बायका हमखास करतात. ते करू नका. दिवसभरात तीन लिटर प्या, संध्याकाळनंतर कमी करा.

प्रश्न : दोघांत एक पोर्टर पुरे का? आणि टिप द्यावीच लागते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोघांत एक पुरे, पण तुमच्या दोघांचं सामान मिळून २० किलोच्या आत असेल तरच. लुक्लाच्या विमानातही माणशी साधारण १५ किलोच चालतं, त्यामुळे घरीच वजन करा. पोर्टरचा विमा आहे का, त्याच्याकडे बूट आणि गरम जॅकेट आहे का, रात्री तो कुठे झोपतो, हे कंपनीला लेखी विचारा. तो आजारी पडला तर त्याला पैसे देऊन एकटं खाली पाठवू नका, गाइडला सांगून सोबत द्या. टिप देण्याची सक्ती नाही, पण त्यांचं घर तिच्यावर चालतं. घरून निघतानाच तेवढी रक्कम वेगळ्या पाकिटात काढून ठेवा, आणि शेवटच्या संध्याकाळी लुक्लाला पोर्टरच्या हातात स्वतः द्या, गाइडमार्फत नाही. नेपाळी रुपयांत द्या. आपले १०० म्हणजे त्यांचे १६० होतात. नामचेच्या वर एटीएमच्या भरवशावर राहू नका.